विमानाचा खोळंबा आणि आपलं येणं



आपल्या तोंडी एक वाक्य फार असतं, “जाऊ द्या हो, कशाला उगाच.” भाजीवाल्यानं पाच रुपये कमी परत दिले तर मात्र हे वाक्य आठवत नाही. तिथं आपण पिशवी खाली ठेवून हिशोब करतो. पण सहा हजारांचं विमानाचं तिकीट काढलेलं असतं, विमान पाच तास उशिरा सुटतं नाहीतर सुटतच नाही, आणि आपण एकदम विरक्त होतो. विमानतळाची फरशी चकचकीत, काउंटरवरची मुलगी इंग्रजीत बोलणारी, मग तिथं आपलं काय चालणार असं वाटतं. पुरुषमंडळी एकतर आरडाओरडा करतात नाहीतर मोबाईलमध्ये तोंड घालतात. नेमकं काय मागायचं ते दोन्ही प्रकारच्या लोकांना माहीत नसतं.

मी १९८१ची बी.कॉम. नोकरी केली नाही, पण ह्यांच्या दुकानाची वही लग्नानंतर तीस वर्षं मीच लिहिली. त्यामुळे छापील कागद दिसला की त्याची मागची बाजू वाचायची सवय लागली आहे. विम्याची पॉलिसी असो, मिक्सरचं गॅरंटी कार्ड असो. मागच्या वर्षी शिखरजीला जायचं ठरलं तेव्हा विमानाचे नियमही असेच काढून वाचले. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. विमान रद्द झालं, उशीर झाला, किंवा तिकीट असूनही बसू दिलं नाही, तर कंपनीनं प्रवाशाला काय द्यायचं याचा त्यांचा नियम २०१० सालापासून आहे. त्यात अधूनमधून बदल झाले आहेत. शिवाय मंत्रालयानं २०१९ मध्ये प्रवाशांच्या हक्कांची एक सनद सोप्या भाषेत काढली. ती नेटवर मिळते. मी ती मोबाईलमध्ये उतरवून ठेवली. सूनबाई हसली, म्हणाली, “आई, तुम्ही वंदनेला चाललाय की वादावादीला?”

फेब्रुवारीत आम्ही तिघं गेलो. मी, हे आणि वन्सं. वन्सं एकाहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखरे, तरी पहाडाची वंदना पायी करायचीच म्हणून हट्ट. नऊ कोस चढउतार नि फेरी धरून सत्तावीस किलोमीटर होतात, ते त्यांनी काठी टेकत पूर्ण केले. दुसऱ्या दिवशी पारसनाथ स्टेशनवरून गाडीनं हावडा, तिथून थेट दमदमचं विमानतळ. पुण्याचं विमान रात्री ८ वाजून ४० मिनिटांचं. वन्संचे पाय एव्हाना सुजून चपलेत मावत नव्हते.

आमचा तिघांचाही रात्रिभोजनाचा त्याग आहे. कोलकात्यात सूर्य आपल्या सांगलीपेक्षा तासभर आधी मावळतो हे लक्षात ठेवून आम्ही पाच वाजताच डबे उघडले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बिनलसणाचं भडंग. पाणी पिऊन मोकळे झालो. आता फक्त विमानात बसायचं आणि झोपायचं.

साडेसातला सांगितलं, विमान सव्वादहाला. पावणेदहाला सांगितलं, साडेबाराला. साडेदहाच्या सुमारास खोकी वाटली. आत कांदा घातलेला पनीर रोल. खायची आमची वेळही नव्हती आणि पदार्थही आमचा नव्हता, म्हणून तिन्ही खोकी शेजारच्या विद्यार्थ्यांना दिली. हे खाणं कंपनीचे उपकार नव्हते बरं का. ठरलेल्या वेळी विमानतळावर हजर झालेल्या प्रवाशाला उशीर झाला तर खाणंपिणं द्यायचं हे नियमातच आहे. अडीच तासांपर्यंतचं उड्डाण असेल तर दोन तासांच्या उशिराला, अडीच ते पाच तासांचं असेल तर तीन तासांच्या उशिराला, आणि त्याहून लांबचं असेल तर चार तासांच्या. कोलकाता ते पुणे अडीच तासांच्या वरचं, म्हणून आम्हाला तीन तासांचा निकष. काय खायला द्यायचं ते मात्र नियमात नाही. सूर्यास्ताचा विचार नियम करणाऱ्यांनी करावा अशी माझी अपेक्षाही नाही.

अकराला शेवटची घोषणा झाली. विमान सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी. वैमानिकांच्या ड्यूटीचे तास भरले होते म्हणे. त्यावर लोक जे तुटून पडले ते बघवेना. “दुसरा पायलट आणा”, “आत्ताच्या आत्ता उडवा.” मला तर ते तास पाळले हे बरंच वाटलं. डोळ्यांवर झोप असलेल्या माणसाच्या हाती पावणेदोनशे जीव द्या असं मी तरी म्हणणार नाही. पण वैमानिक कमी पडणं हा धुक्याचा किंवा वादळाचा प्रकार नव्हता, तो कंपनीच्या घरचा प्रश्न होता. नियमात हा फरक महत्त्वाचा आहे, त्याविषयी पुढे सांगते.

गर्दी ओसरल्यावर मी काउंटरला गेले. पंचविशीतला मुलगा होता, घाबरलेला. मी विचारलं, “हॉटेलची सोय कुठे केलीय?” तो म्हणाला, “मॅडम, हॉटेल चोवीस तासांच्या वर उशीर झाला तरच.” त्याचं अर्धं बरोबर होतं. चोवीस तासांच्या वरच्या उशिराला हॉटेल आहेच. पण त्याच वाक्यात पुढे आहे की ज्या विमानाची मूळ वेळ रात्री ८ ते पहाटे ३ या दरम्यान आहे, त्याला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तरीही हॉटेल द्यायचं, आणि नेण्याआणण्यासकट. आमची मूळ वेळ ८ वाजून ४० मिनिटं, उशीर साडेदहा तासांचा. मी मोबाईलवर ते वाक्य काढून त्याच्यापुढे धरलं आणि एवढंच म्हटलं, “बाळा, तुमच्या साहेबांना एकदा विचारून ये.”

तेवढ्यात हे मागे येऊन उभे राहिले. “अहो, राहू द्या. एका रात्रीचा प्रश्न. शिखरजीहून येतोय आपण, आणि इथं भांडत उभं राहायचं?” मी म्हटलं, “भांडतंय कोण? मी चौकशी करतेय.”

यावर आमचं नंतर घरी बरंच बोलणं झालं. ह्यांचा स्वभाव पहिल्यापासून सोडून देण्याचा. दुकानातली कितीतरी उधारी ह्यांनी अशीच सोडली. दशलक्षणात पहिला दिवस उत्तम क्षमेचा, तो ह्यांना जन्मजात साधलाय असं सासूबाई म्हणायच्या. पण माझं म्हणणं असं, की क्षमा करायला आधी राग तरी यायला हवा. मला त्या मुलाचा राग आलाच नव्हता. तिकीट घेताना जो करार झाला, त्यात आमच्याकडून पैसे देणं होतं, ते आम्ही महिनाभर आधी दिलं. त्यांच्याकडून जे येणं होतं ते वहीत उघडं पडलेलं. उघडी नोंद तशीच ठेवून मला झोप येत नाही, मग ती दुकानाची असो की विमानाची. आणि अचौर्य फक्त आपल्यालाच लागू असतं का? जे आपलं आहे ते दुसऱ्यानं ठेवून घेतलं आणि आपण गप्प बसून त्याला सवय लावली, तर त्यात आपला काहीच हातभार नाही का? हे म्हणाले, “तू वकील व्हायला हवी होतीस.” पण उत्तर दिलं नाही.

साहेब आले. त्यांना नियम चांगला माहीत होता. वाचून दाखवायची गरजच पडली नाही, “हो मॅडम, व्यवस्था करतो” म्हणाले. याचंच मला जरा वाईट वाटलं. माहीत होतं तर घोषणेतच सांगायचं. खुर्च्यांवर अंग मुडपून झोपलेल्या लोकांत एक बाळंतीण होती, तिच्या मांडीवर दोन-अडीच महिन्यांचं बाळ. मी आणि एक बंगाली प्राध्यापकबाई रांगेरांगेनं फिरून लोकांना उठवत सुटलो. बसच्या दोन फेऱ्या झाल्या. वन्संना रात्री एकच्या सुमारास पाय लांब करायला पलंग मिळाला, झोप मोजून तीन तास.

सकाळी पुन्हा काउंटरला एक मुलगी होती. तिला मी सांगितलं की काल रात्रीचं खाणं आम्हाला चाललं नाही, सूर्योदयानंतर काही फळं नि दूध मिळेल का. तिला तसं करायचं बंधन नव्हतं. तिनं तीन कुपनं दिली आणि विचारलं, “आंटी, आप लोग जैन हो ना? मेरी रूममेट भी है.” सव्वासहा वाजले, उजाडलं होतं. केळी खाऊन विमानात बसलो.

आता हिशोबाची बाजू. या साडेदहा तासांसाठी आम्हाला रोख भरपाई काही मिळाली नाही आणि मी मागितलीही नाही, कारण आपल्या देशातल्या नियमात उशिराला रोख भरपाई नाहीच. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत, यातलं एक मागता येतं. बाकी खाणं आणि हॉटेल. युरोपात वेगळं आहे. माझा भाचा जर्मनीत असतो. तिथून निघणारं विमान, मग ते कुठल्याही कंपनीचं असो, मुक्कामी तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलं तर अंतराप्रमाणे २५० पासून ६०० युरोपर्यंत रक्कम मिळू शकते. तिकडून भारतात येताना हे लक्षात ठेवा. इकडून तिकडे जाताना मात्र विमान कंपनी युरोपातली असेल तरच तो कायदा लागू होतो. आपल्या कंपनीनं गेलात तर नाही.

आपल्याकडे रोख रकमेचा प्रश्न येतो तो विमान रद्द झालं तर, आणि जागेपेक्षा जास्त तिकिटं विकून तुम्हाला दारातून परत पाठवलं तर. दुसऱ्या प्रकारात आधी कंपनीनं विचारायचं असतं की कोणी आपणहून थांबायला तयार आहे का. जबरदस्तीनं थांबवलं आणि मूळ वेळेपासून तासाभरात दुसऱ्या विमानात बसवलं तर काही नाही. चोवीस तासांत बसवलं तर मूळ भाडं अधिक इंधन आकार यांच्या दुप्पट, जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्याहून उशिरा असेल तर चौपट, जास्तीत जास्त २०,०००.

रद्द होण्याचं गणित आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीच्या तिकिटावर शिकले, ते सविस्तर सांगते. तिच्या लेकीचं डोहाळजेवण बंगळुरूला. पुण्याहून नवराबायकोची दोन तिकिटं, एजंटाकडून काढलेली. सकाळी ११ चं विमान. पहाटे पाचला एजंटाचा फोन आला, विमान रद्द. दोघं खासगी बसनं निघाली, रात्री उशिरा पोचली. ओटी भरण्याचा कार्यक्रम विहिणीनं उरकला होता. लेक रडली, ही रडली. त्याला कुठल्याच नियमात भरपाई नाही.

परत आल्यावर एजंट म्हणाला, कंपनीनं तिकिटाची रक्कम क्रेडिट म्हणून ठेवली आहे, वर्षभरात कधीही वापरा. मैत्रीण वर्षातून एकदा विमानात बसणारी, ते क्रेडिट घेऊन काय करणार? इथं पहिली गोष्ट. पैसे असे जमा ठेवायचे की परत घ्यायचे ही प्रवाशाची मर्जी आहे, कंपनीनं परस्पर ठरवायचं नाही. एजंटाकडून तिकीट काढलं तरी परतफेडीची जबाबदारी कंपनीचीच. तिनं पैसेच हवेत म्हणून ईमेल केली, ते मिळाले.

दुसरी गोष्ट भरपाईची. विमान रद्द होणार हे कंपनीनं दोन आठवडे आधी कळवायचं असतं. दोन आठवड्यांहून कमी पण निदान २४ तास आधी कळवलं, तरी दुसरं विमान किंवा पैसे परत, एवढ्यावर भागतं. २४ तासही उरले नसताना कळवलं तर त्याशिवाय भरपाई लागते. तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, दोन तासांवरच्याला १०,०००. पण हे आकडे ऐकून हुरळून जाऊ नका. तुमचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार आणि हा आकडा, यांतलं जे कमी तेवढंच मिळतं. आम्ही तिचं बिल काढलं. तिकीट ४,८०० च्या आसपास, पण त्यातलं मूळ भाडं ३,२५० आणि इंधन आकार ६००. बाकी विमानतळाचे आकार आणि जीएसटी. म्हणजे माणशी ३,८५०. दोघांचे ७,७००.

कंपनीचं उत्तर आलं की आम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी सातलाच बुकिंगवरच्या नंबरवर कळवलं होतं. बुकिंगवर नंबर एजंटाचा! त्यानं मेसेज पाहिला तो पहाटे. नियमात असंही आहे की प्रवाशानं संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई नाही, आणि कंपनी त्यावरच बोट ठेवत होती. मी मैत्रिणीला म्हटलं, थांब, तास मोज. संध्याकाळचे सात ते सकाळचे अकरा, सोळाच तास होतात. नंबर तुझा असता आणि तू त्याच क्षणी मेसेज वाचला असतास, तरी चोवीस भरत नव्हते. मग नंबर कोणाचा याला अर्थ काय उरला? हेच तिनं चार ओळींत लिहून कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवलं. त्याचं नाव-पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर द्यावाच लागतो. उत्तर आलं नाही म्हणून सरकारच्या एअरसेवा ॲपवर तक्रार टाकली. महिन्याभरात ७,७०० खात्यात जमा.

ते नसतं झालं तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ होती, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. तिथं वकील लागत नाही, आणि एवढ्या लहान व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही नाही. पण इथं एक सांगते. तिच्या दिरांनी सल्ला दिला होता, आयोगात जा आणि मानसिक त्रासाचे दोन लाख ठोक. मला ते पटलं नाही. त्रास झाला हे खरं, आयोग त्याचेही पैसे देऊ शकतो. पण दोन लाखांचा त्रास झाला का, हे तिनं स्वतःला विचारावं एवढंच मी म्हटलं. ती म्हणाली, “बसचे तीन हजार नि लेकीचं रडू.” बसचे पैसे भरपाईत निघाले.

आणि आता ते धुक्याचं. धुकं, वादळ, पूर, हवाई वाहतूक नियंत्रणाचा आदेश, सुरक्षेचा धोका, दंगल, संप, अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर भरपाई मागता येत नाही. उत्तरेकडे डिसेंबर-जानेवारीत हे हमखास घडतं, तेव्हा हस्तिनापूरला किंवा अयोध्येला निघणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी. कारण काय ते मात्र लेखी मागा. ‘ऑपरेशनल’ हा शब्द पिशवीसारखा आहे, त्यात काहीही मावतं. काउंटरवर लेखी देत नसतील तर तिथूनच ईमेल करा, पाटीवरच्या बदललेल्या वेळेचा फोटो काढा, बोर्डिंग पास फेकू नका. कंपनीकडून आलेला प्रत्येक मेसेज ठेवा, त्यावर वेळ असते आणि सगळं वेळेवर ठरतं. आमचंही सगळं त्या ‘रात्री ८ नंतर’ वरच ठरलं. विमान पावणेआठचं असतं तर वन्सं रात्रभर खुर्चीतच बसल्या असत्या.

दिवाळीनंतर आपल्या मंडळाची गिरनारची यात्रा ठरते आहे, मुंबईहून राजकोट, चाळीस तिकिटं. संयोजकांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांवर स्वतःचाच मोबाईल नंबर टाकायला घेतला होता. मी आणि वन्सं दोन दुपारी बसून प्रत्येकीचा वेगळा नंबर लिहून काढला. सात जणींकडे मोबाईल नाही, त्यांच्या मुलांचे आणि नातवांचे घेतले. एका आजींचा नातू दहावीला आहे, त्याला बजावून ठेवलंय की अभ्यासाला बसलास तरी फोन बंद करायचा नाही. उरलेल्या तिघींनी येत्या रविवारी स्वाध्यायाला येताना आपापले नंबर लिहून आणावेत.